वळू घोड्याचे शिक्षण

खच्ची न केलेल्या नर घोड्यास माणसांच्या व इतर जनावरांच्या सहवासात शांत आणि निर्धोक राहण्याची सवय लावण्याच्या पद्धतशीर प्रक्रियेस वळू घोड्याचे शिक्षण म्हणतात. पैदाशीसाठी राखलेला घोडा बलवान, सावध व चटकन उत्तेजित होणारा असतो. तो चावरा किंवा लाथाळ निघाल्यास मोतद्दाराच्या जिवालाही धोका पोहोचतो. मात्र हा दोष बहुधा जन्मजात नसून सदोष संगोपनातून उद्‌भवलेला असतो.

स्वभाव : घोडा हा कळपात राहणारा व संकट दिसताच पळ काढणारा प्राणी आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असल्याने त्याला जवळजवळ सर्व बाजूंचे दिसते परंतु कपाळासमोरचा थोडा भाग व शेपटीमागचा भाग दिसत नाही. म्हणून त्याच्याकडे खांद्याच्या बाजूने, आवाज देत जावे. नर शिंगरू साधारणतः दीड वर्षाच्या सुमारास वयात येऊ लागते. माजावरील घोडीचा वास आल्यावर वरचा ओठ मुडपून हुंगणे, मान कमानदार करणे, खिंकाळणे ही नराची नैसर्गिक लक्षणे होत. कान मागे चिकटविणे व मान खाली लांबवून अंगावर येणे हे मात्र हल्ल्याचे पूर्वचिन्ह समजावे.

शिक्षणाचे टप्पे : शिक्षणाचा आरंभ शिंगरू आईजवळ असतानाच करतात. अंगावर हात फिरविणे, खूर उचलून धरणे, मोरखी घालणे व दोरीने चालविणे यांची सवय लवकर लावली म्हणजे पुढे बळाचा प्रयोग करावा लागत नाही. नर शिंगरे खेळताना एकमेकांस चावतात. माणसाशी असा खेळ खेळू दिल्यास तीच खोड प्रौढपणी घातक ठरते. हातावर वारंवार खाऊ देण्यानेही चावण्याची सवय लागते. खाऊ तोबऱ्यात किंवा गव्हाणीत द्यावा.

यानंतर लांब दोरीवर वर्तुळाकार फिरविण्याचा, म्हणजे कावा फिरविण्याचा सराव देतात. थांबणे, मागे सरणे व बाजूस होणे हे धडे दोरीचा किंवा हाताचा हलका दाब देऊन शिकवितात. घोड्याने योग्य प्रतिसाद देताच दाब तत्क्षणी काढून घेणे, हे या पद्धतीचे मर्म होय. दाब सुटणे हेच त्याचे बक्षीस ठरते. शिक्षा करावयाची झाल्यास ती चुकीच्या क्षणीच व एकदाच करावी. उशिरा केलेल्या शिक्षेचा चुकीशी असलेला संबंध घोड्याला कळत नाही, त्याला केवळ माणसाची भीती वाटू लागते.

पैदाशीच्या वेळी वेगळी मोरखी व ठराविक जागा वापरल्यास घोडा त्या प्रसंगातील व इतर कामांतील फरक ओळखू लागतो. रोजचा व्यायाम व इतर घोड्यांचे दर्शन हेही तितकेच आवश्यक आहे. दिवसेंदिवस एकटा कोंडलेला घोडा चिडखोर बनतो.

परंपरा : ग्रीक लेखक झेनोफन याने इ.स.पू. चौथ्या शतकात अश्वविद्येवरील आपल्या ग्रंथात घोड्याशी रागाच्या भरात वागू नये, असे सांगितले आहे. धाराशिव जिल्ह्याच्या पूर्व सीमेपासून जवळ असलेल्या कल्याणी (सध्याचे बसवकल्याण, कर्नाटक) येथील चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास  या संस्कृत ग्रंथात (सु. ११३०) घोड्यांची लक्षणे व अश्वक्रीडा यांचे विवेचन आहे. मराठी मुलखात घोडे फिरवून तयार करणाऱ्यास चाबूकस्वार म्हणत.

भीमा खोऱ्यातील भीमथडी घोड्यांवर धनगर मेंढपाळ आपला संसार लादून मेंढरांसह भटकंती करतात. येथे घोड्याचा वावर बायकामुलांत व मेंढरांत असल्याने शांत स्वभाव ही चैन नसून गरज असते. माळेगाव (जि. नांदेड) येथील खंडोबाच्या यात्रेतील घोडेबाजारात, तसेच धाराशिव-तुळजापूरमार्गे पंढरपुरास जाणाऱ्या शेगावच्या पालखीसोबतच्या अश्वांच्या बाबतीत हीच कसोटी लागते. गर्दी, वाद्ये व पताका यांची सवय आधीपासून थोडीथोडी लावलेला घोडाच अशा ठिकाणी बुजत नाही.

निषिद्ध उपाय व खच्चीकरण : उपाशी ठेवणे, मारहाण करणे किंवा काटेरी लगाम वापरणे या उपायांनी घोडा तात्पुरता दबतो परंतु संधी मिळताच उलटतो. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाखालील १९६५ च्या नियमांनी काटेरी लगामाच्या वापरास मनाई केली आहे. ज्या नराची पैदाशीसाठी आवश्यकता नाही, त्याचे लहान वयातच पशुवैद्याकडून खच्चीकरण करून घेणे मालक व घोडा या दोघांच्याही हिताचे असते. मात्र खच्चीकरणाने शिक्षणाची उणीव भरून निघत नाही. प्रौढ वयात केल्यास मुरलेल्या खोडी पुष्कळदा तशाच राहतात.