पाऊस ठरवतो पत्ता!

महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात मात्र जेमतेम पाचशे. ढग सह्याद्रीवरच रिते होतात. मग पलीकडच्यांनी घर कुठं बांधायचं आणि पोट कुठं भरायचं, हे पाऊसच ठरवतो.

गाव पांढरीत, शेत काळीत
कोकणात पाणी जागोजागी, म्हणून वाड्याही विखुरलेल्या. देशावर पाणी मोजक्याच ठिकाणी, म्हणून घराला घर चिकटून. तेही पांढरीत, म्हणजे पांढरट मातीच्या जागेवर, कारण काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भिंतींना तडे देते. शिवाय पिकाची जमीन घरांखाली कोण घालवेल?

छप्पर की अंगण?
कोकणात उतरती कौलं, मराठवाड्यात मातीचं सपाट माळवद. जाड भिंतींमुळे आत गारवा. वर उन्हाळ्यात दिवसा कुरडया वाळतात आणि रात्री माणसं झोपतात. कोकणच्या पावसात असलं माळवद एक आषाढही काढणार नाही!

मेंढरांचं वेळापत्रक
दसरा-दिवाळी झाली की धनगरांचे वाडे, म्हणजे कुटुंबं आणि कळप, घाट उतरून कोकणात जातात. भाताच्या रिकाम्या खाचरात मेंढरं बसवायची, लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे घ्यायचे. पाऊस लागायच्या आत परत देशावर, कारण मेंढरांना ओल सोसत नाही.

दुष्काळाचं सोनं
विटा, खानापूर, आटपाडी हा कोरडा टापू. पण इथले गलाई कारागीर देशभरातल्या सराफ बाजारांत सोनं-चांदी गाळतात. सराफी पेढीतला केरही ते फुकट जाऊ देत नाहीत. त्यातूनही सोन्याचे कण काढतात.

जोडी म्हणजे एक कोयता
पावसाळा सरला की बीडमधून ऊसतोड मजूर लाखोंनी बाहेर पडतात. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. घर बीडला, पण वर्षातले पाच-सहा महिने कारखान्याजवळच्या कोपीत.

शहरासाठी भुयारी पाणी
मलिक अंबरनं १६१० मध्ये खडकी शहर वसवलं, तेच आजचं छत्रपती संभाजीनगर. शहराची तहान भागवायला त्यानं डोंगराकडचं पाणी जमिनीखालच्या नहरीनं आणलं. उतार अचूक साधलेला, त्यामुळे पंपाची गरजच नाही.

आता एक काम तुम्ही करा. आपल्या गावातलं सर्वांत जुनं घर आणि सर्वांत जुनी विहीर यांतलं अंतर पावलांनी मोजा. गाव नेमकं तिथंच का वसलं, याचा बराचसा उलगडा होईल.