४०३ आलं म्हणजे झालं?

दोन टिंबं आणि एक तिरकी रेघ: '../'. संगणकाला याचा अर्थ कळतो तो एवढाच, की एक फोल्डर मागे जा. वेबसाइटच्या पत्त्यात ही खूण चार-पाचदा लागोपाठ टाकली, की ढिसाळ सर्व्हर मागे मागे सरकत लोकांसाठी ठेवलेल्या फोल्डरबाहेर पडतो आणि आतल्या फायली बिनदिक्कत काढून देतो. नागपुरातल्या मिहानमधलं कार्यालय असो की परसोडीच्या आयटी पार्कमधलं, सुरक्षा तपासणाऱ्या टेस्टरला हा खोडसाळपणा पगार घेऊन करावा लागतो. उत्तरात २०० आलं तर फाइल उघडली, ४०३ आलं तर मज्जाव. इतरांना काम झालं की समाधान, याला ते अडलं की. मात्र एका ४०३वर विसंबणं भाबडेपणाचं आहे. ऑक्टोबर २०२१मध्ये अपाची या जगभर वापरल्या जाणाऱ्या सर्व्हरच्या २.४.४९ आवृत्तीत हेच भगदाड सापडलं. साधी टिंबं अडत होती, पण एक टिंब सांकेतिक रूपात लिहिलं की वाट मोकळी. ४ तारखेला २.४.५० आली. तिला तेच टिंब दुहेरी संकेतात लिहून चकवता आलं, म्हणून ७ तारखेला २.४.५१ काढावी लागली. ज्यांनी सर्व्हरच्या सेटिंगमधली मूळची 'सगळ्यांना मज्जाव' ही ओळ कायम ठेवली होती, त्यांच्याकडे मात्र ही युक्ती चालली नाही.

हे सगळं तपासणीचं टूल करतंच की, असं कुणी म्हणेल. करतं, आणि टिंबांची शेकडो रूपं माणसासारखं न कंटाळता तपासतं. पण कारकुनाच्या लॉगिननं साहेबांची वेतनाची फाइल उघडली, तर पत्त्यात टिंबांची खोडी नसल्यानं टूलला २०० दिसतं आणि सारं आलबेल वाटतं. ती फाइल त्याची नव्हे, हे कचेरीची रीत ठाऊक असलेल्यालाच खटकतं. दुसरा आक्षेप अधिक नागपुरी: आपल्याकडे चोरण्यासारखं आहे काय? जानेवारी २०२३मध्ये ब्लॅककॅट या हॅकर टोळीनं इथल्याच सोलर इंडस्ट्रीज या स्फोटकं बनवणाऱ्या कंपनीचा सुमारे २ टेराबाइट डेटा पळवल्याचा दावा केला. टोळी आत शिरते कुठूनही. मिरवते त्या फायलीच. म्हणून सापडलेल्या भगदाडाची दुरुस्ती झाल्यावर फक्त आता अडू लागलेली ओळ तपासून 'क्लोज्ड' लिहिणं मला पटत नाही. टिंबांच्या सगळ्या रूपांची यादी पहिल्या टिंबापासून पुन्हा चालवावी. अपाचीची दुसरी चूक दुरुस्त केलेल्या आवृत्तीतच होती.