हिवताप आणि निद्रिस्त विषाणू

कोलकात्याची खिदिरपूर गोदी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधली गेली. तिथून जवळच, प्रेसिडेन्सी जनरल रुग्णालयाच्या आवारात, रोनाल्ड रॉस यांनी १८९८ साली पक्ष्यांचा हिवताप डासांमार्फत कसा पसरतो हे सिद्ध केले. हिवताप त्या शहरातून अद्याप गेलेला नाही. बंदराच्या वस्तीला खलाशी आणि घर मागे ठेवून आलेले मजूर यांच्यामुळे एच.आय.व्ही.चे भयही चुकलेले नाही. हे दोन रोग एकाच देहात भेटले तर काय घडते?

एच.आय.व्ही. रक्तातील सीडी-४ या पांढऱ्या पेशींत शिरतो आणि आपला आनुवंशिक लेख पेशीच्याच लेखात गुंफून टाकतो. यांतील काही पेशी पूर्वीच्या रोगाची आठवण जपत विश्रांती घेतात. त्यांच्याबरोबर विषाणूही निजतो. औषधे विषाणूची वाढ रोखतात, निजलेल्याला मात्र ती ओळखत नाहीत. म्हणूनच औषध थांबविले की बहुधा काही आठवड्यांतच विषाणू रक्तात परत दिसू लागतो.

हिवतापात तांबड्या पेशी फुटतात, शरीर धोक्याची हाक देते आणि निवांत पेशी जाग्या होतात. पेशीला उठविणारा संकेतच विषाणूलाही उठवितो! आफ्रिकेतील मलावीमध्ये झालेल्या व २००५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, एच.आय.व्ही.बाधित प्रौढांच्या रक्तातील विषाणूचे प्रमाण हिवतापाच्या काळात जवळजवळ दुप्पट झालेले आढळले. हिवतापावर उपचार झाल्यानंतर काही आठवड्यांत ते पूर्ववत आले.

एच.आय.व्ही.ची औषधे नियमित घेणाऱ्याला इतके भय नाही. जागा झालेला विषाणू नव्या पेशी गाठू शकत नाही. तरीही जागी झालेली पेशी विभागली की तिच्यातील विषाणूचा लेखही दुहेरी होतो. तेव्हा ही गुप्त कोठारे आपोआप रिती होतील अशी आशा व्यर्थ आहे.

यात आणखी एक गोम आहे. व्हायवॅक्स जातीचा हिवतापाचा परजीवीही दडण्यात कमी नाही. तो यकृतात निजतो आणि काही आठवड्यांनी वा महिन्यांनी पुन्हा ताप आणतो. त्याला तिथे गाठण्यासाठी भारतात प्रायमाक्विन चौदा दिवस देतात (गरोदर स्त्रिया, तान्ही मुले आणि विशिष्ट रक्तदोष असणारे यांना ते वर्ज्य आहे). ताप मात्र दोन-तीन दिवसांत उतरतो, आणि रोजंदारीवर जगणारा हमाल चौथ्या दिवशी गोण्या उचलायला जातो. उरलेल्या गोळ्या फळीवर राहतात. पुढचा ताप येतो तेव्हा एच.आय.व्ही.बाधिताच्या निजलेल्या पेशींना पुन्हा तीच हाक ऐकू जाते.