करपल्लवी, चित्रखुणा आणि कर्णबधिरांचा हक्क



मोबाइलवर दिसणारी हसरी तोंडे, जोडलेले हात आणि उंचावलेले अंगठे हा व्याख्यानाचा विषय कसा होऊ शकतो, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. तो रास्त आहे. माझे आयुष्य कामगार संघटनेत गेले. भाषाशास्त्र मी कोणत्याही महाविद्यालयात शिकलो नाही. जे वाचले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर बसून. परंतु ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्या बाबतीत या इवल्याशा चित्रांनी दोन प्रश्न उभे केले आहेत. चित्राने माणसाची अडचण दुसऱ्याला कळते काय? आणि कळली, तर ती दूर होते काय? त्यांचाच आज विचार करावयाचा आहे.

प्रथम ही चित्रे आली कोठून ते पाहू. त्यांना इमोजी म्हणतात. शब्द जपानी आहे. ‘ए’ म्हणजे चित्र आणि ‘मोजी’ म्हणजे अक्षर. तेव्हा मराठीत आपण त्यांना चित्राक्षरे म्हणू. १९९९ साली शिगेताका कुरिता यांनी जपानच्या डोकोमो या टेलिफोन कंपनीसाठी १७६ चित्राक्षरांचा संच तयार केला. पुढे एका कंपनीचे चित्र दुसरीच्या फोनवर नीट उमटेना. तेव्हा युनिकोड या संस्थेने २०१० पासून अशा चित्रांना साऱ्या जगासाठी ठरावीक क्रमांक दिले. आपली देवनागरी अक्षरेही संगणकावर याच संस्थेच्या क्रमांकांनी चालतात. नवे चित्र घ्यावयाचे की नाही, हे तेथे अर्जावरून ठरते. म्हणजे चित्रामागे अर्ज असतो, अर्जामागे मागणी असते, आणि मागणी करणाराला संघटित व्हावे लागते. कामगारांना हा अनुभव नवा नाही.

खुणांनी व्यवहार करणेही आपल्याला नवे नाही. पूर्णा जंक्शनवर हिरवा झेंडा हलला की गाडी सुटते. बैलबाजारात दोन माणसे रुमालाखाली हात घालतात आणि बोटे दाबून हजारोंचा सौदा पुरा करतात. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बहुसंख्य मतदारांना अक्षरओळख नव्हती, म्हणून पेट्यांवर चित्रे लावली. त्या चित्राने पक्ष ओळखता आला. पण निवडून आल्यावर तो काय करणार हे काही चित्राला सांगता आले नाही. त्यासाठी सभा घ्याव्या लागल्या, जाहीरनामे काढावे लागले. खुणेची ताकद आणि खुणेची मर्यादा या एका उदाहरणात दोन्ही दिसतात.

खुणा याहून पुढे जाऊ शकतात, याचा दाखला तर आपल्या घरचाच आहे. परभणीचे गोंधळमहर्षी राजारामबापू कदम यांच्यामुळे आपल्या जिल्ह्याच्या गोंधळाला दूरवर मान मिळाला. त्याच गोंधळी परंपरेत करपल्लवी नावाची कला आहे. श्रोत्याने कानात सांगितलेले नाव एक गोंधळी तोंडातून शब्द न काढता नुसत्या हाताच्या खुणांनी साथीदाराला कळवतो, आणि साथीदार ते मोठ्याने सांगतो. करपल्लवीच्या एका जुन्या रीतीत हाताची एक खूण अक्षरांचा वर्ग दाखवते, बोटांची संख्या त्या वर्गातले अक्षर दाखवते आणि चुटकीने मात्रा कळते. डोळ्यांनी वाचता येईल असे अक्षर हातानेही काढता येते, हे आपल्या लोककलावंतांना ठाऊक होते.

मात्र करपल्लवी ही मराठीची अक्षरे हाताने लिहिते. कर्णबधिरांची सांकेतिक भाषा तशी नाही. ती स्वतंत्र भाषा आहे. तिला नुसते हातवारे समजणे ही मोठी चूक होय, आणि ती चूक विद्वानांनीही केली. १८८० साली इटलीतील मिलान येथे कर्णबधिरांच्या शिक्षणासाठी परिषद भरली. तेथील जवळजवळ सर्व प्रतिनिधी ऐकू येणारे होते. त्यांनी ठराव केला की शाळांतून खुणा काढून टाकाव्यात आणि मुलांना ओठ पाहून बोलायला शिकवावे. ज्यांचा प्रश्न त्यांनाच बाहेर ठेवून झालेल्या त्या ठरावाचे परिणाम पिढ्यान्‌पिढ्यांनी भोगले. १९६० साली विल्यम स्टोकी या अमेरिकन प्राध्यापकाने दाखवून दिले की सांकेतिक भाषेला स्वतःची घडण आणि नियम आहेत. मिलानचे ठराव रीतसर नाकारले गेले ते २०१० साली, व्हँकुव्हरच्या परिषदेत. मध्ये १३० वर्षे गेली.

आपल्याकडच्या भारतीय सांकेतिक भाषेलाही व्याकरण आहे. ‘तू कोठे जातोस?’ हे विचारताना तिच्यात ‘कोठे’ ही खूण शेवटी येते, आणि उंचावलेल्या किंवा आक्रसलेल्या भुवया प्रश्नाचा प्रकार सांगतात. दिल्लीत २०१५ साली या भाषेची राष्ट्रीय संशोधन संस्था निघाली. तिच्या शब्दकोशात २०२१ पर्यंत दहा हजार शब्द झाले. तेव्हा ‘मुका-बहिरा’ हा शब्द आपण टाकून द्यावा हे बरे. ज्याला भाषा आहे तो मुका कसा?

आता मूळ विषयाकडे येतो. २०१८ साली ॲपल कंपनीने अमेरिकेतील कर्णबधिर, अंध आणि अन्य अपंग व्यक्तींच्या संघटनांशी विचारविनिमय करून युनिकोडकडे तेरा चित्रांची मागणी केली. २०१९ मध्ये ती मान्य झाली. त्यांत चाकांची खुर्ची, पांढरी काठी, कृत्रिम पाय आहेत आणि आपल्या विषयाची दोन चित्रे आहेत. एक, श्रवणयंत्र लावलेला कान. दुसरे, कानाजवळ बोट नेऊन ‘मी कर्णबधिर आहे’ असे सांगणारी व्यक्ती. या दोन चित्रांत भेद आहे आणि तो महत्त्वाचा आहे. पहिल्यात यंत्र दिसते, दुसऱ्यात माणूस आपल्या भाषेत स्वतः बोलतो. यंत्राने सर्वांनाच ऐकू येते असे नाही. आपला २०१६ चा दिव्यांग हक्क कायदाही दोन्ही कानांनी ६० ते ७० डेसिबलपर्यंत श्रवणशक्ती गेलेला आणि त्याहून अधिक गेलेला असे दोन वर्ग करतो. पहिल्याला जरा स्पष्ट आणि समोरून बोललेले पुरेल; दुसऱ्याला लेखी मजकूर किंवा दुभाषा लागेल. कानाचे एकच चित्र लावून मोकळे होणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

आणखी एक गोष्ट. अंगठा, तर्जनी आणि करंगळी उघडून दाखवणारा हात २०१७ पासून चित्राक्षरांत आहे. पुष्कळांना तो नुसता मौजेचा हात वाटतो. वास्तविक तो ‘माझे तुझ्यावर प्रेम आहे’ या इंग्रजी वाक्याच्या तीन आद्याक्षरांचा अमेरिकन संकेत आहे. अमेरिकेत अक्षरे एका हाताने काढतात. भारतात इंग्रजी अक्षरे दोन्ही हातांनी काढण्याची पद्धत आहे. म्हणजे तो हात आपल्या कर्णबधिरांच्या अक्षरांतला नव्हे. ज्यांनी मागणी केली त्यांची खूण जगभर गेली. आपल्याकडची खूण तेथे पोचवायची असेल तर मागणीही आपल्याकडूनच व्हावी लागेल.

टेलिफोनचा इतिहास येथे आठवण्याजोगा आहे. १८७६ साली टेलिफोनचे पेटंट घेणारे ग्रॅहॅम बेल हे कर्णबधिरांचे शिक्षक होते. तरीही त्या यंत्राने जगाला जोडताना त्यांच्या विद्यार्थ्यांना मात्र शंभर वर्षे बाहेर ठेवले. लेखी संदेश आणि पडद्यावर समोरासमोर बोलण्याची सोय आली, तेव्हा कोठे तो फोन कर्णबधिरांच्या हाती खऱ्या अर्थाने आला. मुंबईच्या मिरॅकल कुरिअर्सने कर्णबधिर तरुण-तरुणींना घेऊन लेखी संदेशांवर घरोघर पार्सले पोचवण्याचा व्यवसाय उभा केला. लेखी मराठीत चेहरा नसतो, भुवया नसतात. ती उणीव चित्राक्षर थोडीबहुत भरून काढते. पण येथेही तारतम्य हवे. अंध माणसाचा फोन प्रत्येक चित्राचे नाव मोठ्याने वाचतो. आपण दहा वेळा टाळ्यांचे चित्र टाकले तर त्याला दहा वेळा तेच ऐकावे लागते. म्हणून चित्र मजकुराच्या शेवटी, एखाददुसरेच असावे आणि महत्त्वाची गोष्ट शब्दांतही लिहावी.

आता माझ्या क्षेत्राची गोष्ट. सगळेच जन्मतः बहिरे नसतात; काहींना आपण बहिरे करतो. मानवत, सेलूकडच्या कोणत्याही जिनिंगमध्ये हंगामात उभे राहून पाहा. शेजारच्या कामगाराला हाक ऐकू जात नाही, म्हणून तेथे सारे हातांनीच बोलतात. कारखान्यांत आठ तासांच्या पाळीसाठी ९० डेसिबलची मर्यादा घातली गेली. आणि १०० डेसिबल म्हणजे थोडे जास्त नव्हे, तर दहापट ध्वनिशक्ती. बोट तुटले तर रक्त दिसते, पंचनामा होतो. कान जातो तो हंगामामागून हंगाम, थेंबाथेंबाने, आणि त्याचा पंचनामा कोणी करीत नाही. वास्तविक गोंगाटाने येणारा बहिरेपणा कारखाने कायद्याच्या अनुसूचीत व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदलेला होता आणि त्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या संहितेतही तो आहे. यंत्रापाशी कानाचे चित्र टांगले म्हणजे मालकाचे कर्तव्य संपत नाही. यंत्राचा आवाज कमी करणे, कानाला बोळे किंवा आवरण देणे आणि वेळोवेळी श्रवणतपासणी करणे, हे त्या चित्राचे खरे अर्थ आहेत. तसेच, कर्णबधिर कामगाराच्या छातीवर खूण लावावयाची की नाही हे त्याने स्वतः ठरवावे. स्वतः लावली तर ती ओळख. दुसऱ्याने लादली तर तो डाग.

येथवरच्या विवेचनाचे सार एवढेच की खूण ही हुंडी आहे. दाखवताच ती वटली पाहिजे. रुग्णालयाच्या, बँकेच्या किंवा तहसील कचेरीच्या दारावर कानाचे चित्र असेल, तर आत लिहून बोलणारा किंवा सांकेतिक भाषा जाणणारा माणूस असला पाहिजे, आणि नंबर पुकारताना तो फलकावरही उमटला पाहिजे. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की अशा सोयींचे किमान नियम नुसत्या शिफारशी असून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत. म्हणजे हा दयेचा विषय राहिलेला नाही, हक्काचा आहे.

तेव्हा सुरुवात या व्याख्यानमालेपासूनच व्हावी. पुढील वर्षी वक्त्याशेजारी पुरेशा उजेडात दुभाषा उभा राहील, पुढच्या दोन रांगा कर्णबधिरांसाठी राखल्या जातील आणि व्याख्यानाचा गोषवारा छापून हाती मिळेल, एवढी व्यवस्था समितीने करावी. ती ठरवताना आपल्या जिल्ह्यातील कर्णबधिरांनाच बैठकीला बोलवावे. आणि मगच निमंत्रणपत्रिकेवर त्यांनी सांगितलेली खूण छापावी.