मागणी, मर्यादा आणि देवनागरी पत्ता

संगणकाची भाषा न शिकताही कोणालाही संकेतस्थळावर बातम्या, सूचना आणि छायाचित्रे प्रसिद्ध करता यावीत, यासाठी जे सॉफ्टवेअर वापरले जाते त्याला आशय व्यवस्थापन प्रणाली किंवा सीएमएस म्हणतात. आणि मजकुराची चौकट, बटणे व याद्या असलेला तिचा जो पडदा लिहिणाऱ्यासमोर उघडतो, तो तिचा इंटरफेस. हा पडदा कसा असावा याविषयीच्या मागण्या कधी संपत नाहीत, आणि त्यांतल्या बहुतेक रास्तही असतात. तरीही रचनाकाराला अनेक नाकाराव्या लागतात, कारण चालू-बंद करता येणाऱ्या केवळ १० सोयी दिल्या तरी त्यांच्या १,०२४ जुळण्या होतात आणि प्रत्येक जुळणी नीट चालेल याची हमी त्यालाच द्यावी लागते.

काही मर्यादा वाचकाच्या हिताच्या असतात. भंडारा जिल्ह्याचे संकेतस्थळ राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या एसथ्रीवास या सेवेवर चालते. तेथे पानाचा साचा ठरलेला असतो, त्यामुळे कार्यालयाला हवे ते रंग वापरता येत नाहीत, पण अंधूक दिसणाऱ्यालाही मजकूर वाचता यावा यासाठी अक्षरे व पार्श्वभूमी यांत किमान ४.५ : १ इतका उजेडाचा फरक असावा, हा सुगम्यतेचा जागतिक निकष पाळणे त्यामुळेच सोपे जाते. अशी मर्यादा कितीही जाचली तरी ती राखलीच पाहिजे.

वर्डप्रेस या २००३ साली सुरू झालेल्या प्रणालीचा अनुभव मात्र वेगळा आहे. डिसेंबर २०१८मध्ये तिने सलग लिहिण्याची जुनी चौकट बाजूला सारून परिच्छेद, चित्र, मथळा असे स्वतंत्र ठोकळे रचण्याची ‘गुटेनबर्ग’ पद्धत आणली, तेव्हा जुनी चौकट परत आणणारी जोडणी ५० लाखांहून अधिक संकेतस्थळांनी बसवून घेतली. सवयीच्या बाजूने पडलेला इतका मोठा कौल हट्ट म्हणून झटकून टाकता येत नाही.

तिसऱ्या प्रकारची मर्यादा कोणी विचारपूर्वक लादलेली नसते. ती रोमन लिपी गृहीत धरल्यामुळे आपसूक येते, आणि मराठी लिहिणाऱ्याला तीच सर्वाधिक भोवते. वर्डप्रेस लेखाच्या शीर्षकावरून पानाचा पत्ता तयार करते आणि तो २०० खुणांपर्यंतच साठवते. देवनागरीचे प्रत्येक अक्षर, काना, मात्रा किंवा अनुस्वार युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत ३ बाइट घेतो, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याचे चिन्ह व दोन आकडे-अक्षरे अशा ३ खुणांनी लिहिला जात असल्याने एका मात्रेलाही ९ खुणा लागतात. तुमसर तालुक्यातल्या मँगनीज खाणींच्या पट्ट्यातील नाकाडोंगरीचे नाव १० घटकांचे आहे, म्हणजे ते एकटेच ९० खुणा खाते. समजा शीर्षक ‘नाकाडोंगरी ग्रामपंचायत ग्रामसभेची सूचना’ असे असेल, तर पत्त्यात ‘नाकाडोंगरी-ग्रामपंचायत-ग’ एवढेच उरते. ‘ग्रामसभेची’मधला पहिला ग बसतो आणि तेथे २०० भरतात. हेच शीर्षक रोमन लिपीत सुमारे ४५ खुणांत मावते. शिवाय असा पत्ता व्हॉट्सॲपवर पाठवला की पुष्कळदा टक्क्यांच्या चिन्हांची लांबच लांब माळ दिसते आणि गावकऱ्याला तो दुवा संशयास्पद वाटतो.

ही मर्यादा माहितीसाठ्यातील रकान्याच्या रुंदीत रुजलेली आहे, आणि तो रकाना गृहीत धरून असंख्य जोडण्या लिहिल्या गेल्या आहेत. म्हणून ती वाढवून द्या ही मागणी रास्त असली तरी सहज पुरी होणारी नाही. पण पत्ता छाटला जात असताना लिहिणाऱ्याला काहीही न सांगणे हा मर्यादेचा नव्हे, इंटरफेसचा दोष आहे, आणि तो दूर करायला रकाना रुंद करावा लागत नाही. शीर्षक लिहिताना उरलेल्या खुणा दाखवाव्यात, शब्द मधेच न तोडता पूर्ण शब्दापाशी थांबावे, आणि तेथेच आखूड पत्ता सुचवावा. तोवर ग्रामपंचायतीच्या संगणकावर बसणाऱ्याने सूचना प्रसिद्ध करण्यापूर्वी पत्त्याच्या रकान्यात गावाचे नाव आणि तारीख हाताने टंकित करणे हाच उपाय आहे.