मंजी खाँ

उस्ताद मंजी खाँ (मूळ नाव: बद्रुद्दीन खाँ, १८८८ – १९३७) हे हिंदुस्तानी शास्त्रीय संगीतातील जयपूर-अत्रौली घराण्याचे ख्यालगायक होते. घराण्याचे प्रवर्तक आणि कोल्हापूर संस्थानचे दरबारी गायक उस्ताद अल्लादिया खाँ यांचे ते द्वितीय पुत्र. गायनाच्या दृष्टिकोनाविषयी वडिलांशी मतभेद झाल्यामुळे त्यांनी ऐन उमेदीच्या काळात गाणे थांबवले आणि कोल्हापूर संस्थानच्या जंगल खात्यात अधिकाऱ्याची नोकरी पत्करली. काही वर्षांनी ते पुन्हा गायनाकडे वळले. परतल्यावर त्यांनी घराण्याची विद्या तशीच ठेवून तिला भावपूर्ण वळण दिले. मल्लिकार्जुन मन्सूर हे त्यांचे सर्वांत ख्यातनाम शिष्य होत.

जन्म व कुटुंब

मंजी खाँ यांचा जन्म राजस्थानातील उनियारा येथे झाला. अल्लादिया खाँ यांना तीन पुत्र होते. थोरले नसिरुद्दीन हे 'बडेजी', मधले बद्रुद्दीन हे 'मंजी' आणि धाकटे शमसुद्दीन हे 'भुर्जी' या घरगुती नावांनी ओळखले जात. संगीतक्षेत्रातही पुढे हीच नावे रूढ झाली. मंजी खाँ यांना वडिलांकडून आणि चुलते हैदर खाँ यांच्याकडून तालीम मिळाली.

बडेजी यांना विद्या अवगत होती, परंतु प्रकृती साथ देत नसल्याने ते मैफलीचे गायक होऊ शकले नाहीत. त्यामुळे घराण्याची गायकी पुढील पिढीत श्रोत्यांसमोर मांडण्याची जबाबदारी मंजी आणि भुर्जी या दोघांवर आली. मंजी खाँ यांनी गाणे सोडणे हा केवळ एका तरुणाचा वैयक्तिक निर्णय नव्हता, याचे कारण या परिस्थितीत आहे.

घराण्याची पार्श्वभूमी

अल्लादिया खाँ (१८५५ – १९४६) यांची परंपरा मूळची धृपदगायकांची होती. तरुणपणी अमलेटा या लहानशा संस्थानात आश्रयदात्याच्या इच्छेनुसार अतोनात गावे लागल्याने त्यांचा आवाज बसला. तो दीर्घकाळ परतला नाही आणि परतला तेव्हा पूर्वीसारखा राहिला नव्हता. पहिल्या आवाजात शोभणारे गाणे नव्या आवाजात गाणे शक्य नव्हते. त्यामुळे त्यांनी आपल्या गायकीची मांडणी मुळापासून नव्याने केली. आकाराचा भरदार लगाव, तालाच्या मात्रांशी घट्ट विणलेली आलापी, एकमेकींत गुंतत जाणाऱ्या वक्र ताना आणि अनवट व जोड रागांवरील भर ही पुढे जयपूर-अत्रौली घराण्याची ओळख ठरली. या गायकीच्या जडणघडणीत त्या आवाजहानीचा मोठा वाटा असल्याचे संगीताचे अभ्यासक मानतात.

अशा रीतीने हे घराणेच एका गायकाच्या पुनरागमनातून आकारास आले होते. ज्या पित्याने नव्या आवाजासाठी नवी वाट शोधली, त्याच पित्याने मुलाच्या वेगळ्या वाटेला विरोध केला, ही बाब मंजी खाँ यांच्या चरित्रात विशेष लक्षणीय ठरते. अर्थात दोन्ही प्रसंगांत फरकही आहे. अल्लादिया खाँ यांना बदल करणे भाग पडले होते, तर मंजी खाँ यांना तो आवडीने करावयाचा होता.

कोल्हापूरचे वातावरण

राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये अल्लादिया खाँ यांना कोल्हापूर दरबारात आश्रय दिला. महाराजांच्या निधनापर्यंत, म्हणजे १९२२ पर्यंत, ते दरबारी गायक होते. त्यानंतर त्यांनी मुंबईत वास्तव्य केले. मंजी खाँ यांचे बालपण व तारुण्य त्यामुळे कोल्हापूरशी जोडले गेले.

त्या काळी कोल्हापुरात कुस्ती, नाटक आणि गायन या तिन्हींना राजाश्रय व लोकाश्रय होता. शिवाजी पेठेसारख्या जुन्या पेठांमध्ये तालमींचे वातावरण होते. १९१२ मध्ये खासबाग कुस्ती मैदान उभे राहिले आणि त्याला लागूनच १९१५ मध्ये पॅलेस थिएटर (आजचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह) बांधून पूर्ण झाले. १८८३ मध्ये स्थापन झालेली गायन समाज देवल क्लब ही संस्था गायक-वादकांचे व रसिकांचे केंद्र होती. ख्याल, नाट्यसंगीत, भजन आणि पोवाडा हे सर्व प्रकार एकाच शहरात कानी पडत असल्याने येथील श्रोत्याची अभिरुची एका शैलीपुरती मर्यादित नव्हती. पेटीवादक, संगीतकार व लेखक गोविंदराव टेंबे याच वातावरणात घडले. त्यांनी पुढे अल्लादिया खाँ यांचे चरित्र मराठीत लिहिले.

रहिमत खाँ यांचा प्रभाव

मंजी खाँ यांच्या मनावर ग्वाल्हेर घराण्याचे गायक रहिमत खाँ यांच्या गाण्याचा खोल परिणाम झाला. हद्दू खाँ यांचे पुत्र असलेले रहिमत खाँ 'भूगंधर्व' म्हणून ओळखले जात. त्यांचे आयुष्यही विलक्षण होते. आप्तांच्या मृत्यूनंतर मनाचा तोल ढळलेल्या व व्यसनाधीन अवस्थेत ते काशीत भटकत असता हद्दू खाँ यांचे शिष्य आणि सुप्रसिद्ध सर्कसचालक विष्णुपंत छत्रे यांनी त्यांना ओळखले, आपल्यासोबत आणले आणि पुन्हा गाते केले. छत्रे यांच्या सर्कशीबरोबर त्यांचा देशभर संचार झाला. आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी कोल्हापूरनजीकच्या कुरुंदवाड येथे काढली आणि १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले.

रहिमत खाँ यांच्या गाण्यात बुद्धीला चकित करणाऱ्या गुंतागुंतीपेक्षा सुरेलपणाला व आर्ततेला प्राधान्य होते. राग बहुधा प्रचलित, मांडणी सरळ आणि स्वर थेट काळजाला भिडणारा, असे त्याचे स्वरूप होते. अल्लादिया खाँ यांच्या गायकीची आदर्शकल्पना वेगळी होती. तीत रागाची शिस्त, लयीचा हिशेब आणि तानेची बांधणी यांना अग्रस्थान होते. दोन्हींचे मोठेपण वादातीत असले, तरी घराण्याच्या कडक शिस्तीत वाढणाऱ्या मुलाने दुसऱ्या घराण्याच्या भावपद्धतीकडे ओढले जाणे हे त्या काळाच्या संकेतांत बसणारे नव्हते.

संगीतत्याग व जंगल खात्यातील नोकरी

आपल्या गाण्यात अधिक भावपूर्णता आणण्याचा मंजी खाँ यांचा ओढा अल्लादिया खाँ यांना मान्य नव्हता. ख्यालाच्या तालमीत गुरूची संमती ही केवळ शिष्टाचाराची बाब नसते. कोणता राग कुठे गावा, कोणती बंदिश बाहेर काढावी आणि कोणती राखून ठेवावी, याचा निर्णय गुरू करतो. मंजी खाँ यांच्या बाबतीत गुरू हेच वडील असल्याने मतभेदाला घरातही जागा उरली नव्हती.

वडिलांना दुखवून आपल्या पद्धतीने गात राहणे किंवा मन मारून त्यांच्याच पद्धतीने गाणे, असे दोन मार्ग त्यांच्यापुढे होते. मंजी खाँ यांनी दोन्ही नाकारले आणि गाणेच थांबवले. ते कोल्हापूर संस्थानच्या सेवेत जंगल खात्यात अधिकारी झाले. संस्थानचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या दाट अरण्याने व्यापलेला असल्याने हे खाते महत्त्वाचे मानले जाई. पिढ्यान्‌पिढ्या गाण्यावर उपजीविका करणाऱ्या कुळातील तयार गायकाने संगीताबाहेरची नोकरी धरणे ही त्या काळी असाधारण घटना होती. या नोकरीमुळे त्यांचा चरितार्थ गाण्यावर अवलंबून राहिला नाही. परिणामी परत यावयाचे की नाही आणि आल्यास काय गावयाचे, हे ठरविण्याचे स्वातंत्र्य त्यांना मिळाले.

गायनाकडे पुनरागमन

काही वर्षांच्या खंडानंतर मंजी खाँ पुन्हा मैफलीत गाऊ लागले. पुढील काळात, विशेषतः मुंबईतील मैफलींत, त्यांची गणना अग्रगण्य ख्यालगायकांत होऊ लागली. संस्थानी दरबारांचा आधार या काळात ओसरत चालला होता. त्यांची जागा शहरांतील संगीतमंडळे, खासगी बैठका, ध्वनिमुद्रिका व नभोवाणी घेत होती. दरबारात एका आश्रयदात्याची मर्जी निर्णायक असे, तर शहरी मैफलीत निरनिराळ्या आवडींचे श्रोते एकत्र येत. मंजी खाँ यांच्या वेगळ्या वळणाच्या गाण्याला हा बदल अनुकूल ठरला.

पुनरागमनानंतरचे त्यांचे गाणे म्हणजे घराण्याशी फारकत नव्हती. ख्यालात 'स्वतःचे गाणे' या शब्दप्रयोगाचा अर्थ नवी रचना करणे एवढाच नसतो. बंदिश पूर्वसूरींची, राग परंपरेचा आणि ताल ठरलेला असला, तरी आवर्तन कसे भरावे, कोणत्या स्वरावर किती थांबावे, बोल कोणत्या भावनेने उच्चारावा आणि समेवर कसे यावे, यांत गायकाचे स्वत्व प्रकट होते. मंजी खाँ यांनी बदल केला तो या पातळीवर.

गायकीची वैशिष्ट्ये

रागविस्ताराची चौकट, आकारयुक्त स्वरलगाव, लयीशी असलेले निकटचे नाते आणि अनवट रागांचा संग्रह हा वारसा मंजी खाँ यांनी कायम राखला. त्यावर त्यांनी स्वराच्या आर्ततेचा आणि बंदिशीच्या शब्दांतील भावाचा संस्कार केला. जयपूर गायकीत तान ही अनेकदा मैफलीचा कळस मानली जाते. मंजी खाँ यांच्या गाण्यात तिच्याबरोबरीने स्वराचा ठहराव आणि बोलाचा अर्थ यांनाही महत्त्व आले.

त्यांची अभिरुची ख्यालापुरती मर्यादित नव्हती. मराठी पदे व भावगीते यांनाही ते आपल्या गायनात स्थान देत. अल्लादिया खाँ यांच्या परंपरेत ख्यालगायकाने सुगम प्रकारांपासून दूर राहण्याचा दंडक कडक असल्याने हे पाऊल धाडसाचे होते. कोल्हापुरात वाढलेल्या गायकाची मराठीशी असलेली जवळीकही यातून दिसते.

मल्लिकार्जुन मन्सूर यांना तालीम

१९३०च्या दशकाच्या मध्यास मल्लिकार्जुन मन्सूर (१९१० – १९९२) हे मंजी खाँ यांचे शिष्य झाले. धारवाडजवळच्या मन्सूर गावी जन्मलेल्या मल्लिकार्जुन यांनी मिरजेत नीलकंठबुवा अलूरमठ यांच्याकडे ग्वाल्हेर परंपरेची तालीम घेतली होती आणि गायक म्हणून त्यांच्या ध्वनिमुद्रिकाही निघालेल्या होत्या. तरीही त्यांनी नव्याने शिष्यत्व पत्करले. शिष्य मूळचा ग्वाल्हेर परंपरेतला आणि गुरू त्याच परंपरेच्या एका गायकामुळे आयुष्याची दिशा बदललेला, असा हा योग होता.

ही तालीम जेमतेम दीड वर्ष चालली. मंजी खाँ यांच्या निधनानंतर मन्सूर यांनी भुर्जी खाँ (१८९० – १९५०) यांच्याकडे शिक्षण पुढे चालू ठेवले. भुर्जी खाँ यांनी कोल्हापुरात धोंडूताई कुलकर्णी यांनाही तालीम दिली. मन्सूर यांनी 'नन्न रसयात्रे' या कन्नड आत्मचरित्रात आपल्या गुरूंविषयी कृतज्ञतेने लिहिले आहे. त्यांच्या गाण्यात अनवट रागांवरील प्रभुत्व आणि भक्तिभावाची उत्कटता एकत्र नांदतात. १९९२ मध्ये त्यांना पद्मविभूषण हा सन्मान मिळाला.

निधन

१९३७ मध्ये मंजी खाँ यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांनी वयाची पन्नाशीही गाठली नव्हती. अल्लादिया खाँ त्यानंतर नऊ वर्षे हयात होते आणि १६ मार्च १९४६ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. मुलाने स्वतःचे गाणे शोधून परतल्यावर त्याची कारकीर्द बहरास आलेली असतानाच ती संपल्याचे पित्याला पाहावे लागले.

महत्त्व

अल्लादिया खाँ यांनी स्वतःच्या गायनाची ध्वनिमुद्रिका कधीच काढू दिली नाही. त्यामुळे घराण्याची ओळख पुढील पिढ्यांना शिष्यांच्या कंठातूनच झाली. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर आणि मल्लिकार्जुन मन्सूर यांचे गाणे एकाच उगमाचे असूनही परस्परांहून वेगळे आहे. मंजी खाँ यांच्याही गायनाचे स्वरूप आज मुख्यतः मन्सूर यांच्या गाण्यातून व समकालीन श्रोत्यांच्या लेखनातून उमगते.

एकाच घराण्यात भिन्न स्वभावाच्या गायकांना आपापली वाट सापडू शकते, हे पुढील काळात सर्वमान्य झाले. मोगूबाईंच्या कन्या किशोरी आमोणकर (निधन २०१७) यांनाही तरुणपणी आवाज गमावल्यामुळे काही काळ गाणे थांबवावे लागले होते. परतल्यानंतर त्यांनी भावाला केंद्रस्थानी ठेवून घराण्याच्या चौकटीची नवी मांडणी केली आणि त्यावर मोठी चर्चाही झाली. परंपरेत राहूनच भावाला अग्रस्थान मागण्याचा प्रश्न या घराण्यात त्यांच्यापूर्वी मंजी खाँ यांनी उपस्थित केला होता आणि त्यासाठी त्यांनी आपल्या गायनजीवनाची काही वर्षे मोजली होती.