मोटारीच्या पोटातील भट्टी

जयसिंगपुराहून सांगलीच्या रस्त्याने निघालेली मोटार वेग घेईनाशी होते, चालकापुढील फलकावर इंजिनाचा पिवळा दिवा लागून राहतो आणि गॅरेजमधील कारागीर सांगतो, “कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेला.” पाठोपाठ तो जो आकडा उच्चारतो, तो ऐकून गाडीचा धनी थक्क होतो. जी वस्तू आपण कधी डोळ्यांनी पाहिली नाही, तिला एवढे मोल कसले, हा त्याचा प्रश्न स्वाभाविक आहे.

ही वस्तू म्हणजे धूर गाळणारी चाळण, असा पुष्कळांचा समज असतो. परंतु ती चाळण नव्हे, भट्टी आहे. इंजिनातून निघणाऱ्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू, अर्धवट जळलेले पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडे असतात. सायलेन्सरच्या वाटेवर बसविलेल्या पोलादी डब्यात मधमाश्यांच्या पोळ्यासारखा सच्छिद्र चिनीमातीचा ठोकळा असतो आणि त्याच्या छिद्रांना प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या धातूंचा अतिशय पातळ लेप दिलेला असतो. सोयरीक जुळवून देणारा मध्यस्थ जसा दोन्ही घरे जोडून आपण होता तसाच राहतो, तसे या धातूंचे आहे. त्यांच्या सान्निध्यात विषारी वायूंचे कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ व निरुपद्रवी नायट्रोजन यांत रूपांतर होते. धातू मात्र खर्ची पडत नाहीत. हे कार्य सुमारे २५० ते ३०० अंश सेल्सिअस उष्णतेनंतरच नीट सुरू होते. यास्तव थंड गाडीचा पहिल्या एकदोन मिनिटांतला धूर सर्वांत वाईट.

युजीन हूद्री या फ्रेंच यंत्रविशारदाने १९५० च्या सुमारास अमेरिकेत या युक्तीचा पाठपुरावा केला. पण त्या काळी पेट्रोलमध्ये शिसे मिसळीत आणि शिशाचा थर बसताच हा लेप निकामी होई. म्हणूनच भारतात १९९५ साली मुंबईसह चार महानगरांतील नव्या पेट्रोल मोटारींना हे यंत्र सक्तीचे झाले, तेव्हा त्यासोबत शिसेविरहित पेट्रोलही आणावे लागले. २००० सालापासून ते देशभर मिळू लागले.

आता खर्चाकडे वळू. डब्यातील मौल्यवान धातू मोजक्या ग्रॅमांचे. परंतु २०२१ च्या मार्चमध्ये ऱ्होडियमचा भाव औंसाला सुमारे २९,००० डॉलरवर, म्हणजे सोन्याच्या पंधरा पटींहून वर गेला होता. त्याच सुमारास पुणे परिसरात उभ्या गाड्यांचे सायलेन्सर चोरीस जाऊ लागले, त्याचे इंगित हेच. पुढे भाव बराच उतरला, तरी अस्सल नवा भाग लहान गाडीसही काही दहा हजार रुपयांत जातो आणि परदेशी बनावटीच्या मोठ्या गाडीत लाखाची मर्यादा ओलांडतो. त्या मानाने मजुरी अल्प असते.

परंतु नवा भाग मागविण्यापूर्वी एक प्रश्न विचारलाच पाहिजे : जुना का बिघडला? हे यंत्र सहसा आपण होऊन मरत नाही. त्यास कोणीतरी मारतो. स्पार्क प्लग वा कॉइल सदोष असली की न जळलेले पेट्रोल भट्टीत येऊन पेटते आणि ठोकळा वितळतो. इंजिन ऑइल पीत असेल तर त्यातील फॉस्फरस लेपावर बसतो. शिरोळ तालुक्याने २००५, २०१९ व २०२१ साली महापूर पाहिले. तापलेला डबा पुराच्या गार पाण्यात बुडाल्यास आतील ठोकळ्याला तडा जाण्याचा संभव असतो. मूळ दोष तसाच ठेवून नवे यंत्र बसविणे म्हणजे गळके छप्पर न शाकारता भिंतीस रंग देणे होय. शिवाय पुष्कळदा दोष यंत्राचा नसून धुरातील ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरचा निघतो आणि तो त्या मानाने फार थोड्या पैशांत बदलतो. प्लग, कॉइल, सेन्सर, नळीची गळती आणि शेवटी कन्व्हर्टर, हाच तपासणीचा क्रम शहाणपणाचा.

खर्च टाळण्यासाठी डबा काढून त्या जागी रिकामी नळी जोडण्याचा सल्लाही मिळतो. तो ऐकू नये. धुराच्या तपासणीत अशी गाडी नापास होऊ शकते आणि २०१९ च्या सुधारित मोटार वाहन कायद्यान्वये प्रदूषणाच्या गुन्ह्यास १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. स्वस्त बनावट डब्यात धातूचा लेपच अपुरा असतो, म्हणून तोही थोड्याच दिवसांचा सोबती. जुना डबा मात्र फुकट सोडू नये. त्यातील धातू परत काढता येतात, त्यामुळे त्याचे मोल नव्याच्या किमतीतून वजा करून मागावे आणि पावती घ्यावी.

दंड आणि पावती यांपलीकडे आणखी एक हिशेब उरतो. गाडीत बसलेल्याच्या नाकाला स्वतःच्या गाडीचा धूर क्वचितच जातो. तो जातो मागून सायकलवर शाळेस निघालेल्या मुलाच्या नाकात. भट्टी धगधगती ठेवण्याचा खर्च धनी करतो आणि तिचा लाभ त्या मुलास मिळतो. वेळेवर बदललेल्या प्लगने हा खर्च पुष्कळदा टळतो, हेच यातील समाधान.